गौतमाला ध्रुवसिद्धीकडे न्या

दुपारी दीड ते साडेचार माझा दवाखाना बंद असतो. शटर अर्ध्यावर ओढायचं, डबा खायचा आणि टेबलाच्या डाव्या खणातून वही काढायची, हा गेल्या अठरा वर्षांचा क्रम. सकाळ-संध्याकाळ बीपी, शुगर, दमा, ताप. मधल्या तीन तासांत कालिदास, नाहीतर विशाखदत्त, नाहीतर भवभूती. मी एमडी मेडिसिन आहे, सांगलीच्या गावभागात प्रॅक्टिस करते आणि संस्कृत नाटकं मराठीत आणते. छापायला नव्हे, बोलायला. आमच्या हौशी संस्थेतली मंडळी ती पाठ करतात आणि लोकांसमोर उभी करतात.

आमच्या गावात याचं कुणाला नवल वाटत नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांपुढे 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच. देवल हरिपूरचे, म्हणजे आमच्या घरचेच. शूद्रकाचं 'मृच्छकटिक' त्यांनी मराठीत आणलं, ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. दुसऱ्याचं नाटक आपल्या भाषेत आणताना काय राखायचं आणि काय सोडायचं, यावर आमच्याकडे चहाच्या गाड्यावरही वाद होतो. बीपीचा पट्टा दंडावर असताना पेशंट विचारतात, "मॅडम, आता कुठलं काढलंय?"

सध्याचं कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र' आहे. २०१८ साली हातात घेतलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली तेव्हा दवाखान्यात छातीएवढं पाणी होतं. पहिल्या दोन अंकांची वही त्यात गेली. काळ्यांनी संपादित केलेली जुनी प्रत वाचली, पण फुगून दुप्पट झाली. आजही तिची पानं उलटताना गाळाची बारीक पूड बोटांना लागते. नव्याने सुरुवात केली आणि चौथ्या अंकाशी येऊन अडकले. तिथून सुटायला मला दोन वर्षं लागली. ते कसं झालं ते लिहायचं आहे, कारण त्यात माझी दोन्ही कामं एकमेकांसमोर उभी राहिली.

आधी प्रसंग सांगते. विदिशेचा राजा अग्निमित्र मालविकेच्या प्रेमात पडलाय. थोरली राणी धारिणी हिने मालविकेला आणि तिच्या मैत्रिणीला तळघरात कोंडून ठेवलंय. पहारेकरणीला ताकीद आहे, माझी नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय दोघींना सोडायचं नाही. राजाचा मित्र, विदूषक गौतम, विष उतरवायला नागाची खूण लागते या सबबीवर ती अंगठी मिळवायची युक्ती करतो. केतकीच्या काट्यांनी स्वतःच्या बोटावर दोन टोचे पाडून घेतो, वर जानवं आवळून बांधतो आणि ओरडत येतो, "मला साप चावला!" धारिणी पाय दुखावून पडून आहे. पायाला रक्तचंदन लावलंय, दासीने तो हातात धरलाय, परिव्राजिका कौशिकी गोष्टी सांगून तिचं मन रमवते आहे. राजाही तिथेच आहे. गौतम बोट पुढे करतो. हे बघा दाढांचे दोन व्रण! आणि परिव्राजिका म्हणते, दंश कापणं हे पहिलं काम, ते आधी करा. मग श्लोक येतो:

छेदो दंशस्य दाहो वा क्षतेर्वा रक्तमोक्षणम्।
एतानि दष्टमात्राणामायुष्याः प्रतिपत्तयः॥

दंश कापावा, डागावा किंवा जखमेतून रक्त वाहू द्यावं. नुकत्याच दंश झालेल्याचा जीव राखणारे हे उपाय. मी त्याची ओवी केली. कौशिकी संन्यासिनी आहे, तिच्या तोंडी ओवी शोभेल असं वाटलं:

चिरावा दंश, वा डागावा,
जखमेतुनि रक्तस्राव व्हावा,
डसता क्षणी हाचि करावा
उपाय जीव राखावया.

एका दुपारीत झाली. मी खूश होते. तालमीत परिव्राजिका करणाऱ्या ताईंनी ती अशी म्हटली की सगळे गप्प झाले.

पहिला प्रयोग वाळवा तालुक्यातल्या एका गावी, गणेशोत्सवात, शाळेच्या पटांगणात झाला. मी विंगेत होते, तिथून पहिल्या तीन रांगा दिसत होत्या. समोर सतरंजीवर म्हातारी माणसं, मांडीवर पोरं. ताईंनी ओवी म्हटली आणि पुढच्या रांगेतले तीन-चार म्हातारे एकदम मान हलवू लागले. बरोबर आहे. असंच करायचं असतं. एकाने शेजारच्याच्या गुडघ्यावर थाप मारली.

माझ्या पोटात गोळा आला.

१९९३ सालच्या पावसाळ्यात मी शिराळ्याच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात होते. एमबीबीएस होऊन वर्ष झालं होतं. संध्याकाळी एका बाईला जीपमधून आणलं. बांधावर वैरण काढताना पायाला साप चावला होता. मारलेला साप पोत्यात घालून बरोबर आणला होता: घोणस. बाईच्या पोटरीला सुतळीचे दोन वेढे इतके आवळलेले की सुतळी मांसात रुतली होती. पावलावर दंशाच्या भोवती ब्लेडच्या चिरा होत्या. मी मोजल्या, अकरा. त्यांतून रक्त येत होतं. भळाभळा नाही, पाझरत होतं, पण थांबत नव्हतं.

घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं बंद होतं. ते तपासायला तेव्हाही आजही एकच साधी चाचणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, नळी न हलवता ठेवून द्यायची आणि वीस मिनिटांनी एकदाच तिरकी करायची. गोठलेलं रक्त जागचं हलत नाही. मी नळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि सापाच्या विषावरची लस तयार करायला घेतली. ती भुकटीच्या रूपात असते, कुपीत पाणी सोडायचं आणि कुपी दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवायची. गदागदा हलवली तर फेस होतो. हात घाईने कापत असताना हळू फिरवणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी कळलं. वीस मिनिटं झाल्यावर नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काठापर्यंत आलं.

चिरा तिच्या मुलाने मारल्या होत्या. तेरा-चौदा वर्षांचा असेल. गावातल्या मोठ्यांनी सांगितलं आणि त्याने नवं ब्लेड आणून आईचा पाय कापला. तो भिंतीला टेकून उभा होता, शर्टाच्या बाह्या रक्ताने भरलेल्या. मी कुपी फिरवत असताना त्याने विचारलं, "डॉक्टर, मी कमी कापलं का?"

बाई वाचली. पाऊल वाचलं नाही. आवळलेल्या सुतळीने आणि त्या चिरांमधून झालेल्या संसर्गाने ते काळं पडलं, पुढे कापावं लागलं. मुलाला मी उत्तर काय दिलं ते मला आठवत नाही. त्याचा प्रश्न मात्र गेली बत्तीस वर्षं माझ्याजवळ आहे.

आणि आता तीच शिकवण मी ओवीत घालून, चांगल्या आवाजात, माइकवरून गावाला ऐकवत होते. गद्यात सांगितलेलं माणूस विसरेल, ओवी विसरत नाही. ओवी जात्यावरची आहे, ती खरी असते असं आपल्या माणसाच्या हाडात आहे. माझी ओवी वाईट असती तर एवढी भीती वाटली नसती.

दुसऱ्या दिवशी मी तो श्लोक काढून टाकला. दिग्दर्शकाला फोन करून सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही, वेळ कमी होतोय म्हटल्यावर त्याला बरंच वाटलं. परिव्राजिका फक्त "अरे देवा" म्हणेल आणि राजा वैद्याला बोलावेल. चार ओळी गेल्या, नाटक चालू राहिलं. सल्ला चुकीचा होता, तो मी गाळला. डॉक्टर म्हणून मला यात काहीच खटकलं नाही.

खटकलं ते बाईंना.

बाई म्हणजे माझ्या संस्कृतच्या गुरू. निवृत्त शिक्षिका, आता ८३ वर्षांच्या. पहिल्यांदा आल्या त्या शुगर ३४० घेऊन, आणि माझ्या टेबलाच्या काचेखाली शाकुंतलातली एक ओळ बघून थबकल्या. तिसऱ्या अंकात शकुंतला आजारी आहे, सख्या तिला वाळ्याचा लेप लावताहेत, कमळाची पानं घालताहेत, आणि अनसूया म्हणते: विकारं खलु परमार्थतोऽज्ञात्वाऽनारम्भः प्रतीकारस्य. विकार नेमका काय आहे ते कळल्याशिवाय उपाय सुरू करता येत नाही. मेडिसिनच्या पहिल्या व्याख्यानात सांगावं असं वाक्य. मी ते कुठल्याशा सुभाषितसंग्रहातून उतरवून घेतलं होतं, मागचं-पुढचं काही ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "हे कुणाच्या तोंडचं आहे? कुणाला विचारलंय? मूळ प्राकृतात आहे, माहीत आहे का तुला?" मला यातलं काहीच सांगता आलं नाही. पुढच्या सोमवारपासून दुपारी शिकवायला येऊ लागल्या. फी म्हणून मी त्यांची शुगर बघते. अजूनही आंब्याच्या दिवसांत भांडण होतं.

तर बाईंनी चौथा अंक वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कौशिकीचा श्लोक कुठाय?"

मी सगळं सांगितलं. शिराळ्याची बाई, मुलगा, अकरा चिरा, मान हलवणारे म्हातारे. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस, तुला गाळावासा वाटला हे मला समजतं. पण तू श्लोकाच्या वरची ओळ नीट वाचली नाहीस आणि खालची तर वाचलीच नाहीस. कालिदासाने तिला औषध सांगायला उभं केलंय असं तुला वाटलं. परत वाच. माझ्यासमोर वाच."

मी वाचलं. श्लोकाच्या आधी कौशिकी म्हणते: तेन हि दंशच्छेदः पूर्वकर्मेति श्रूयते. श्रूयते! ऐकिवात आहे. असं म्हणतात. आणि मी मराठी काय केलं होतं? "दंश कापणं हे पहिलं काम. ते आधी करा." श्रूयते गिळून टाकलं होतं. वाक्य नाटकात पल्लेदार होईना म्हणून. कालिदासाची कौशिकी ऐकीव गोष्ट सांगत होती, तिला मी अधिकारवाणी दिली होती. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्यांनी मान हलवली ती कालिदासाला नाही, मला.

आता खालची ओळ. श्लोक संपतो आणि राजा लगेच म्हणतो: संप्रति विषवैद्यानां कर्म. जयसेने, क्षिप्रमानीयतां ध्रुवसिद्धिः. आता हे विषवैद्यांचं काम. जयसेने, ध्रुवसिद्धीला ताबडतोब आण. राजा तिच्या श्लोकाला हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. सुरी मागवत नाही. जाणकाराला बोलावतो. थोड्या वेळाने जयसेना परत येते आणि सांगते, ध्रुवसिद्धी म्हणतात की गौतमालाच इकडे आणा. राजा म्हणतो, न्या त्याला. पेशंट वैद्याकडे जातो! सापाच्या दंशात आज आम्ही घसा कोरडा करून हेच सांगतो: काही कापू नका, डागू नका, आवळू नका. मोडलेल्या हाडाला देतो तसा आधार देऊन हात किंवा पाय स्थिर ठेवा, जोडवी-बांगड्या-अंगठ्या काढा, धीर द्या आणि दवाखान्यात न्या. धीर देणंसुद्धा तिथे आहे. राजा मित्राला म्हणतो, घाबरू नकोस, वैद्य आत्ता तुझ्यावर उपचार करील.

ध्रुवसिद्धी सबंध नाटकात रंगमंचावर एकदाही येत नाही. त्याच्या नावाने फक्त निरोप येतात. पण संस्कृत नाटकातला हा एक वैद्य मला जवळचा वाटतो. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'तला वैद्य अभयदत्त चंद्रगुप्ताच्या औषधात विष कालवतो आणि सोन्याच्या भांड्यात त्याचा रंग बदललेला चाणक्याच्या नजरेला पडतो. आमच्या व्यवसायाची तशीच ओळख राहू नये असं मला वाटतं.

त्या रात्री मी सुश्रुत काढून बसले. कौशिकीचं म्हणणं त्या काळच्या शास्त्राला धरून होतं का, ते बघायचं होतं. अर्धं होतं. कापणं, डागणं, बांधणं हे कल्पस्थानात, म्हणजे त्याच्या विषावरच्या भागात, आहेच. पण तिथेच स्पष्ट लिहिलंय, मंडली सापाने दंश केला असेल तर काही झालं तरी डागू नये. त्याचं विष पित्तप्रधान असतं, दाहाने ते पसरतं. मंडली म्हणजे अंगावर मंडलं असलेला. घोणशीच्या पाठीवरची साखळी डोळ्यांसमोर आणा. म्हणजे त्या काळचा शिकलेला वैद्यसुद्धा आधी विचारणार, साप कुठला होता? कौशिकीने तेवढं विचारलं नाही, गौतमाकडे तर उत्तरच नव्हतं, कारण साप नव्हताच. मला फार बरं वाटलं. कालिदासाने एका हुशार, बहुश्रुत, प्रेमळ बाईच्या तोंडी अर्धं शास्त्र घातलं आणि खऱ्या वैद्याला पडद्याआड ठेवून त्याच्याकडे माणसं धाडली. घराघरांत अजून हेच घडतं. सल्ला देणारे सगळे आपलेच असतात, जिवाच्या कळकळीने देतात.

श्लोक परत घातला. ओवी तशीच ठेवली, शब्दही बदलला नाही. तिच्याआधी कौशिकी म्हणते, "दंश कापणं हे पहिलं काम, असं ऐकिवात आहे." दिग्दर्शकाला एकच विनंती केली. पहिल्या प्रयोगात राजाचं वाक्य विदूषकाच्या बोंबलण्यात बुडून जात होतं. आता ओवी संपते, सगळं शांत होतं, एक दासी भाजी चिरायची सुरी घेऊन पुढे येते, आणि राजा उठून तिच्या व गौतमाच्या मध्ये उभा राहतो. "आता हे विषवैद्याचं काम." एवढंच. सुरीचा उल्लेख मूळ संहितेत नाही, ती माझी. "ते आधी करा" म्हटल्यावर कुणीतरी सुरी आणायला जाणारच, हे मी शिराळ्याकडे शिकले.

विदूषकाच्या भाषेबद्दल लिहायलाच हवं. मुळात तो प्राकृत बोलतो, राजा आणि कौशिकी संस्कृत. हा फरक मराठीत पुसला तर अर्धं नाटक मेलं. म्हणून गौतम आमच्या सांगलीचं बोलतो. मुळात तो म्हणतो, सिमिसिमाअंति मे अंगाइं. काय शब्द आहे! ओपीडीत रोज ऐकते. माझा गौतम म्हणतो, "अंगात झिणझिण्या याय लागल्यात की ओ!" पुढे तो राजाला म्हणतो, लहानपणापासून तुझा मित्र आहे मी, माझ्या आईला मागे मुलगा नाही, तिचा योगक्षेम चालव. मी लिहिलं: "ल्हानपनापासनं तुमचा दोस्त हाय मी. माझ्यामागं आईला कोन न्हाई. तिच्याकडं तेवढं बघा." प्रयोगात यावर हशा येतो, यायलाच हवा, कारण प्रेक्षकांना ठाऊक आहे की हे सोंग आहे. पण हे वाक्य लिहिताना मला हसू आलं नाही. शिराळ्याची बाई ग्लानीत जाता जाता माझा हात धरून हेच म्हणाली होती. "पोराकडं बघा." पोरगा तिथेच भिंतीला टेकून उभा होता.

आमचा गौतम एसटीत वाहक आहे. दिवसभर गाडीत माणसं बघतो, त्यामुळे बोलीच्या बाबतीत मी त्याचं ऐकते. त्याने मला विचारलं, "मॅडम, ज्यांच्या घरात खरंच कुणी साप चावून गेलंय ती माणसं यावर हसतील का हो?" मी त्याला म्हटलं, सोंग पक्कं सोंग म्हणून कर. केतकीचा काटा टोचतानाचा छोटा प्रसंग आम्ही आधी दाखवतो, मुळात त्याचा नुसता उल्लेख आहे. काटा टोचताना तो ओठ चावतो, मग दुसरा टोचतो, दोन व्रणांतलं अंतर बोटाने मोजून बघतो. लोक तिथे हसायला लागले की पुढचं सगळं सुरक्षित होतं.

आणखी एक ओळ आहे, ती मात्र मला छळते. राजा गौतमाला म्हणतो: मा कातरो भूः. अविषोऽपि कदाचिद्दंशो भवेत्. मी आधी लिहिलं होतं, "घाबरू नकोस, काही दंश बिनविषारीही असतात." वैद्यकदृष्ट्या अगदी बरोबर. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. २०१९ च्या पुरात एका शाळेतल्या छावणीत पाणदिवड चावलेला मुलगा माझ्याकडे आणला होता. रडून रडून त्याला श्वास पुरत नव्हता. मी त्याला जवळ घेऊन राजाचं हेच वाक्य म्हटलं होतं, शब्दाला शब्द.

पण मला दुसरा पेशंटही आठवतो. उन्हाळ्यात अंगणात सतरंजी टाकून झोपलेला तरुण. मध्यरात्री पोट दुखतंय म्हणून उठला. हाताला काहीतरी चावल्यासारखं वाटलं, पण ना सूज, ना खूण. घरच्यांनी म्हटलं, बिनविषारी असेल, झोप. पहाटे त्याला डोळे उघडता येईनात. मण्यार. तिच्या दाताची खूण दिसतसुद्धा नाही कधीकधी, दुखत नाही, आणि श्वासाचे स्नायू बंद पडतात. मिरजेला पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता. वाचला, पण त्या घरातलं "बिनविषारी असेल" हे वाक्य जवळजवळ त्याचा जीव घेऊन गेलं होतं.

बाईंना दोन्ही सांगितलं. त्यांनी पान माझ्याकडे वळवलं, एका शब्दावर बोट ठेवलं. "भवति आहे का? भवेत् आहे. असतो असं नाही म्हणत राजा, असेलही म्हणतो. त्याला माहीत नाहीये, आणि माहीत नसल्याचं त्याला माहीत आहे. म्हणून तर वैद्याला बोलावलंय आधी." ओळींचा क्रम बघा, आधी ध्रुवसिद्धीला निरोप, मग धीर. वैद्याला बोलावणं गेल्यावरच राजा म्हणतो, कदाचित विष नसेलही. मी आता लिहिलंय, "धीर सोडू नकोस. विष भिनलंच असेल असं नाही. ध्रुवसिद्धी बघतील." शेवटची दोन पदं माझी. बाईंनी त्यांच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे, पण खोडली नाहीत.

गेल्या महिन्यात पलीकडच्या गावच्या यात्रेत प्रयोग झाला. ओवी झाली, सुरी आली, राजा मध्ये उभा राहिला. पटांगण इतकं शांत होतं की पाळण्याचं जनरेटर ऐकू येत होतं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी मान हलवली की नाही ते मला दिसलं नाही, या वेळी विंग उलट्या बाजूला होती. प्रयोगानंतर एक बाई मात्र आल्या, पदर खोचलेला, कडेवर नात. विचारलं, "ती सापाची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते म्हणत्यात, खरं का?" खरं, म्हटलं. कुठे कुठे मिळते ते कागदावर लिहून दिलं. नाटकात लशीचा शब्दसुद्धा नाही.

अंकाच्या शेवटी गौतम दाराशी पेंगत बसलेला असतो. एक दासी त्याच्या अंगावर वाकडी काठी टाकते, तो "साप! साप!" करत उठतो, काठी बघतो आणि म्हणतो, केतकीच्या काट्यांनी दंश केला आणि सापाची अपकीर्ती केली, ते मला फळलं. तन्मे फलितम्. मी लिहिलेलं "त्याचं फळ मला मिळालं" पुस्तकी होतं, आणि चार तालमी झाल्या तरी ते तसंच होतं. पाचव्या तालमीत आमचा वाहक ड्युटीवरून थेट आला, खाकी शर्टातच, आणि वही न बघता बोलून गेला: "काटं मी टोचलं, आळ सापावर घातला. आता अंगाशी आलं बघा."

अंगावर काठी पडलेला माणूस म्हणतो, अंगाशी आलं. मी तिथेच वही उघडली आणि जुनी ओळ खोडली.